तीन पिंपळवाड्यांची पाटी

तालुक्याच्या स्टँडवरून तीन पिंपळवाड्यांना एस.टी. जायची आणि तिन्ही गाड्यांची पाटी एकसारखी होती. एकाच पेंटरनं, एकाच रंगात, बहुतेक एकाच दुपारी रंगवलेली. पूर्वी म्हणे खाली बारीक अक्षरात 'देवीची', 'तांडा', 'तळ्याची' असं लिहिलेलं होतं. पण पाट्या काढता-घालता, चाक बदलताना त्याच पाट्या चिखलात अंथरून बसता-बसता ती बारीक अक्षरं पार घासून गेली. लोकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ते पाटी वाचतच नसत, ड्रायव्हरचं तोंड वाचत. नेमसिंग गाडीवर दिसला की तांड्याची पिंपळवाडी. मोहनसिंग दिसला की देवीची. आणि चष्मेवाला म्हातारा ड्रायव्हर दिसला की तळ्याची.

खरे वेगळे नंबर होते ते कंट्रोल केबिनमधल्या रजिस्टरात. तळ्याची पिंपळवाडी शेड्यूल नंबर सात, देवीची बारा, तांड्याची पंधरा. ते नंबर कंट्रोलरला ठाऊक, ड्रायव्हर-कंडक्टरला ठाऊक. प्रवाशांचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

रत्नपाल पाईकराव त्या स्टँडचा कंट्रोलर होता. वय छत्तीस, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव थोडा तिरसट. नऊ वर्षं कंडक्टरकी करून, दोन वेळा परीक्षा देऊन त्यानं ती खिडकीमागची खुर्ची मिळवली होती. त्याच्या वस्तीतला एस.टी.त एवढ्या वर चढलेला तो पहिलाच. खुर्चीवर बसला त्या दिवशी त्याच्या बापानं त्याला एकच गोष्ट सांगितली होती, "दुसरा चुकला तर त्याची चूक असते, बाबू. आपण चुकलो तर सगळ्या वस्तीची होते." रत्नपालनं ते इतकं मनावर घेतलं होतं की त्याच्या रजिस्टरात खाडाखोड सापडत नसे.

हे घडलं ते एकोणीसशे नव्याण्णवच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन चार महिने झाले होते आणि वर निवडणुकीचे दिवस होते. निम्म्या गाड्या निवडणुकीच्या कामाला गेलेल्या. नेमसिंगही तिकडेच. त्यामुळे त्या दिवशी पंधरा नंबरवर मोहनसिंगला टाकलं होतं आणि बारा नंबरवर बाहेरच्या आगारातून आलेला एक बदली ड्रायव्हर. रात्रीपासून वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता. गावात मात्र नुसती भुरभुर. पोळ्याला माहेरी आलेल्या बाया परत निघालेल्या, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि केबिनच्या खिडकीत सकाळपासून एकामागून एक तोंडं.

"सायेब, साखऱ्याची कवा लागल?"

"वारंगा फाट्याची गेली का आत्ता?"

"ओ सायेब, एक तासापासून उभी हाव, काहून सांगून नाही राहिले?"

दुपारी दीडच्या सुमारास त्या तोंडांमध्ये सिंधूबाईचं तोंड आलं. देवीच्या पिंपळवाडीची, मेंढरं-शेळ्यांच्या घरातली बाई. आठवड्याआड बाजाराला यायची, त्यामुळे रत्नपाल तिला चेहऱ्यानं ओळखत होता. तिचा नवरा पुंजाजी बैलबाजारात थांबला होता आणि ती माहेराहून आणलेल्या शेळीच्या दोन तरण्या पाठी घेऊन पुढं निघाली होती. दोन्ही शेळ्यांच्या गळ्यातली दावी तिच्या मनगटाला गुंडाळलेली.

"सायेब, आमच्या पिंपळवाडीची हीच न्हवं?"

रत्नपालच्या एका कानाला फोन होता. गाड्या कमी का सुटल्या म्हणून वरचा अधिकारी तिकडून ओरडत होता. इकडे दोघे जण सीटवरून भांडत खिडकीशी आले होते. त्यानं मान वर केली नाही. "मोहनसिंगचीच ना? मग बसा की! रोज रोज काय विचारता?"

सिंधूबाईनं मोहनसिंगकडे पाहिलं. तोंड ओळखीचं होतं. कंट्रोलर सायबानंही सांगितलं. कंडक्टरशी हुज्जत घालून तिनं शेळ्या टपावर चढवल्या, बांधल्या आणि आत जाऊन बसली. एक चाळीसला गाडी सुटली.

फोन ठेवून रत्नपालनं रजिस्टर पुढं ओढलं, सुटण्याची वेळ लिहिली, आणि पेन तिथंच थांबला. शेड्यूल पंधरा. चालक मोहनसिंग. तांडा.

तो उठून दारापर्यंत आला. फलाटावरची गाडीची जागा मोकळी होती, ती पार नाक्याच्या पुढं गेली असणार. "कंडक्टर सांगल तिला," तो स्वतःशीच म्हणाला. "फाट्यावर उतरवल." देवीच्या आणि तांड्याच्या गाड्या नऊ किलोमीटरवरच्या मारुतीच्या फाट्यापर्यंत एकाच रस्त्यानं जात, तिथून डावीकडे देवी, उजवीकडे तांडा. अर्ध्या तासानं सुटणारी बारा नंबर मागून त्याच फाट्यावर येणार होती. काही बिघडणार नव्हतं. तो परत येऊन बसला, बारा सोडली, सात सोडली, आणि ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी आहे असं काही त्याला वाटलं नाही.

साडेतीनला पोलीस ठाण्यातून फोन आला. ठाण्यातला जमादार बोलत होता.

"रत्नपाल, तुमची पिंपळवाडीची गाडी पाण्यात अडकली. वाघनाल्याच्या पुलावर. पाणी चढून राहिलं म्हणतात. माणसं टपावर हायत."

"कोणती पिंपळवाडी?"

"कोणती म्हंजे? पाटीवर पिंपळवाडी हाय म्हणे."

"जमादार, पिंपळवाड्या तीन हायत. नंबर सांगितला का कुणी?"

"तुमच्या रजिस्टरातला नंबर कुठं असतो गाडीवर? एक ट्रकवाला सांगून गेला वारंगा फाट्याच्या चौकीत. त्याला पलीकडच्या काठावरून कुणी तरी आरडून सांगितलं. तो थांबला न्हाई, गेला नांदेडकडं. चौकीनं वायरलेसवर आमाला कळवलं. तहसीलची जीप निघाली, भोईगल्लीतले चौघं पट्टीचे पोहणारे घेतलेत. स्टँडवर येऊन राहिले, तुमी रस्ता सांगा."

रत्नपालनं फोन ठेवला आणि मनात तिन्ही रस्ते मांडले. तळ्याच्या वाटेवर नाला नव्हता, म्हणजे सात नंबर बाद. राहिल्या बारा आणि पंधरा. वाघनाला मोठा वळणाचा. डोंगराच्या अंगानं उतरून तो आधी तांड्याचा रस्ता कापतो, मग वळसा घालून देवीचा. दोन्ही रस्त्यांवर बसके फरशीपूल, दोन्हींना नाव एकच. एका पुलावरून दुसऱ्यावर जायचं तर पुन्हा मागं फाट्यावर यावं लागे. चिखलातून त्याला पाऊण तास तरी लागणार.

जीप फलाटाला लागली. नायब तहसीलदार पुढं बसलेले, मागं दोरखंडाची वेटोळी, ट्रकच्या चाकांच्या फुगवलेल्या ट्यूबा आणि चौघे भोई. स्टँडवर बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. बघता बघता केबिनपुढं शंभर-दीडशे माणूस गोळा झालं. ज्याचं त्याचं माणूस कुठल्या ना कुठल्या पिंपळवाडीच्या गाडीत होतं.

"कुठल्या पुलावर जायचं?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

रत्नपाल तोंड उघडणार तोच फोन पुन्हा वाजला. जमादारच होता. "आणखी एक कळलं. चौकीतल्या शिपायाला आठवलं. ट्रकवाला म्हणला व्हता, टपावर दोन शेळ्या बांधल्या हायत, त्यांच्यापाशी एक बाई हाय."

रत्नपालनं ते मोठ्यानं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. आणि गर्दीतून एक माणूस धक्के देत पुढं आला. पटका सुटलेला, अंगावर बैलबाजाराची धूळ. तो पुंजाजी होता.

"शेळ्या? दोन शेळ्या म्हणले का? आमची सिंधू हाय ती! म्या बसवून दिलं न्हाई तिला, एकटी आली स्टँडवर. सायेब, देवीची पिंपळवाडी! डाव्या हातचा रस्ता! चला, मी येतो संगं!"

तो जीपच्या मागच्या फळीवर चढलासुद्धा. नायब तहसीलदारांनी मान हलवली. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

त्या चार-पाच क्षणांत रत्नपालच्या मनात काय काय येऊन गेलं, ते नंतर त्यानं फक्त बायकोला सांगितलं. गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. जीप देवीच्या रस्त्याला गेली असती आणि चुकली असती, तर ती पुंजाजीच्या सांगण्यावरून चुकली असती. बोललं तर शंभर माणसांसमोर कबूल करायचं की बाईला चुकीच्या गाडीत मी बसवलं आणि दोन तास गप्प राहिलो. नोकरी डोळ्यांसमोर आली. बाप डोळ्यांसमोर आला. गर्दीतल्या दोघा-तिघांची तोंडंही आली. ते उद्या काय बोलतील, कोणत्या शब्दात बोलतील, हे त्याला आजच ऐकू येत होतं. आणि तरी वर एक शंका उरतच होती. कंडक्टरनं तिला फाट्यावर उतरवलं असेल आणि ती मागून आलेल्या बारा नंबरमध्ये चढली असेल, तर पुंजाजीच खरा ठरणार होता. मग उगाच स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्याला दोरी कशाला?

जीप हलली.

"थांबा!" रत्नपाल केबिनमधून धावत बाहेर आला आणि बॉनेटवर हात आपटून आडवा उभा राहिला. "थांबा सायेब. ती बाई तांड्याच्या गाडीत हाय. मीच बसवलं तिला. माझ्या हातनं चूक झाली."

मग पुंजाजी फळीवरून खाली उतरला. त्यानं रत्नपालच्या शर्टाची कॉलर धरली, दोन गुंड्या तुटून पडल्या.

"काहून बसवलं? आँ? काहून? तुला दिसत न्हवतं?"

"मी वर पाह्यलंच न्हाई, मामा. मोहनसिंगची गाडी म्हणून बसा म्हणलो. मोहनसिंग आज तांड्याला गेला."

"आन् आत्ता सांगून राहिला?"

मागून एक जण ओरडला, "असले लोकं खुर्चीवर बसवल्यावर दुसरं काय होईल!" रत्नपालनं तिकडे पाहिलं नाही. ऐकू आलं, आत गेलं आणि तिथंच राहिलं.

नायब तहसीलदार जीपमधून अर्धे बाहेर आले. "पाईकराव, भांडण मागाहून. तुमची खात्री किती?"

"ती पंधरा नंबरमध्ये बसली याची पूर्ण खात्री. फाट्यावर उतरली का, ते मला ठाऊक न्हाई. पण फाट्यावर मोतीबाई असते, शेंगा विकते. तिला सगळ्या गाड्या दिसतात. तिथं थांबून विचारू. एक मिनिट लागल. मी येतो संगं."

"आणि ती नसली तर?"

"नसली तर उजवीकडं. जबाबदारी माझी. लिहून देतो."

"बसा."

पुंजाजीनं कॉलर सोडली. दोघेही मागं, समोरासमोर, मधे ट्यूबांचा ढीग. नऊ किलोमीटर पुंजाजीची नजर रत्नपालवरून हलली नाही. रस्त्यावर आता पाऊस लागला होता. जीपचं छप्पर गळत होतं, पाणी पुंजाजीच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. एकदा एका भोयानं तंबाखूची चंची पुढं केली. कुणीच घेतली नाही.

मारुतीच्या फाट्यावर मोतीबाईची शेंगांची पाटी नव्हती.

रत्नपालनं खाली उडी मारली. पाराखाली कुणी नाही. चहाच्या टपरीला पडदा लावलेला. मग मारुतीच्या देवळाच्या ओसरीत, भिंतीला चिकटून, डोक्यावर पोतं घेतलेली म्हातारी दिसली. तांड्याची मोतीबाई. शेंगांची पाटी मांडीवर झाकून बसलेली.

"मोतीबाई! दुपारची तांड्याची गाडी आली तवा शेळ्यावाली बाई उतरली का इथं?"

म्हातारीनं एवढी माणसं पाहून आधी पाटीच पोटाशी धरली. "कोन बाई?"

"दोन शेळ्या. टपावर. आठव, माय, लवकर आठव."

"हां, ती," म्हातारी म्हणाली. "कंडक्टर म्हणत व्हता, उतर बाई, तुजी गाडी मागून येते. ती म्हणली, पानी येऊन राहिलं, शेळ्या भिजून मरतील. म्हणली, तांड्यावरनं डोंगराच्या पायवाटेनं जाईन घरी, कोसभर तर हाय. न्हाई उतरली ती. गेली तांड्याकडं."

रत्नपालनं पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजीनं तोंड फिरवून जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं, "उजवीकडं घे."

पुलाच्या अलीकडे अर्ध्या फर्लांगावरूनच पाण्याचा आवाज ऐकू आला. गढूळ, लालसर पाणी, वरून येणाऱ्या पऱ्हाट्या, कडब्याच्या पेंढ्या, एक तुटलेलं लाकडी औत. आणि मधोमध ती लाल गाडी. पुढचं डावं चाक पुलाच्या कडेवरून घसरलेलं, गाडी एका अंगाला कललेली, पाणी खिडक्यांच्या खालच्या कडेला लागलेलं. टपावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. कुणी रडत होतं, कुणी 'देवी, देवी' करत होतं. पलीकडच्या काठावर तांड्यातली माणसं हात हलवत उभी होती, पण त्यांच्याजवळ दोर नव्हता आणि मधला प्रवाह तिकडच्या अंगाला जास्त होता.

मोहनसिंगची रोजची वाट ही नव्हती. या पुलाचा डावा कठडा मागच्या पावसाळ्यात वाहून गेला, हे नेमसिंगला झोपेतही ठाऊक होतं. मोहनसिंगला नव्हतं. पुलावर घोटाभर पाणी पाहून त्यानं गाडी घातली आणि मध्यावर आल्यावर वरच्या अंगानं लोंढा आला. आता तो गाडीच्या मागच्या शिडीच्या पायरीवर, एका हातानं शिडी धरून, कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. दुसऱ्या हातानं त्यानं एक लेकरू टपाच्या कडेवर चढवलं होतं, त्याला खालून आधार देत होता.

भोयांनी दोर बाभळीच्या बुंध्याला बांधला. त्यांच्यातला थोरला कमरेला दुसरं टोक बांधून वरच्या अंगानं पाण्यात शिरला. दोनदा प्रवाहानं त्याला खाली नेलं, दोनदा त्याला ओढून घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा त्यानं शिडी पकडली. काठावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

मग एकेक माणूस. ट्यूबमध्ये काखेपर्यंत अडकवायचं, दोराला लावायचं आणि काठावरून ओढायचं. रत्नपाल आणि पुंजाजी दोराला एकामागं एक उभे होते, पाय चिखलात रोवलेले. आधी लेकरं. मग एक पोटुशी बाई. मग म्हातारी माणसं. प्रत्येक खेपेला चार-पाच मिनिटं जात आणि प्रत्येक खेपेनंतर गाडी बोटभर जास्त कललेली दिसे. रत्नपाल मोजत होता. अकरा. बारा. तेरा. गाडीतून दगड घासल्यासारखा आवाज आला. टपावरून किंकाळी उठली.

"हलू नका!" मोहनसिंग ओरडला. "जागचे हलू नका कुणी!"

सिंधूबाई मागं थांबली होती. तिची पाळी आली तेव्हा ती शेळ्यांची दावी सोडायला तयार होईना. काठावर आल्यापासून पुंजाजी पहिल्यांदाच बोलला. बोलला कसला, छाती फोडून ओरडला, "सोड त्यांना! सिंधे, सोड म्हणतो! तू ये!"

तिनं दावी कापली नाहीत, हातानं एकेक गाठ सोडली आणि शेळ्यांना मोकळं केलं. मग ट्यूबमध्ये शिरली. मध्यावर तिचं डोकं पाण्याखाली गेलं. दोर सैल पडला. पुंजाजीच्या हातून दोर निसटत चालला, तसा रत्नपालनं मागून तो स्वतःच्या पाठीला वेढा देऊन धरला आणि मागं पडला. दोर ताणला गेला. त्याच्या पाठीची सालटी निघाली. सिंधूबाई खोकत, पाणी ओकत काठाला लागली.

सगळ्यात शेवटी कंडक्टर आणि मोहनसिंग आले. तेवीस माणसं. मोहनसिंगचा डावा हात खांद्यातून निखळला होता, ते त्याला काठावर आल्यावरच कळलं. लोक अजून एकमेकांना चाचपडून पाहत होते, तेवढ्यात गाडी हळूच डाव्या कुशीवर वळली, माणूस झोपेत कूस बदलतो तशी, आणि पुलावरून खाली गेली. वर आली ती फक्त चाकं. नायब तहसीलदारांनी घड्याळ पाहिलं. शेवटचा माणूस बाहेर येऊन अकरा मिनिटं झाली होती.

एक शेळी वाहून गेली. दुसरी खालच्या वळणावर बाभळीत अडकलेली तांड्यातल्यांना सापडली.

सिंधूबाई पोतं पांघरून काठावर बसली होती. रत्नपाल तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"बाई, माझं चुकलं."

सिंधूबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "मी इचारलं व्हतं तुमाला," ती म्हणाली. "तुमी तोंड वर केलं न्हाई. तेवढंच लागलं मला, सायेब. चूक तर कुनाकडूनबी होते. फाट्यावर कंडक्टर उतर म्हणला, मीच उतरले न्हाई."

पुंजाजी शेजारीच होता. निघताना रत्नपालच्या पाठीवरचं रक्त पाहून त्यानं आपला सुटलेला पटका काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

रत्नपालनं रिपोर्टात सगळं लिहिलं, खाडाखोड न करता. वरच्या ऑफिसनं चौकशी लावली आणि त्याची एका वर्षाची वेतनवाढ रोखली. स्टँडवर महिनाभर कुजबुज चालली. ज्यानं गर्दीतून ते वाक्य टाकलं होतं तो खिडकीशी आला की रत्नपाल त्यालाही गाडीची वेळ सांगायचा, बरोबर आणि पूर्ण, तोंड वर करून.

पण एवढ्यानं त्याला चैन पडेना. एके दिवशी तो आगार व्यवस्थापकांपुढं जाऊन उभा राहिला. "सायेब, पिंपळवाडीच्या पाट्यांवर आकडा टाकू द्या. मोठा, हातभर. लोकांना अक्षर येत न्हाई, पण आकडा येतो. बाजारातली मापं वाचतात, घड्याळ वाचतात. त्या दिवशी ट्रकवाल्यानं नुसता नंबर सांगितला असता तरी भागलं असतं."

"पाटीवर आकडा टाकायचा नियम नाही आपल्यात, पाईकराव. हे काय पुण्या-मुंबईचं शहर आहे?"

"टाकू नये असाबी न्हाई, सायेब."

साहेब हसले नाहीत, पण नाही म्हणाले नाहीत. "गावांना विचारून घ्या. माझ्याकडे तक्रार यायला नको."

तक्रार आलीच. पुढच्या बाजारच्या दिवशी तिन्ही पिंपळवाड्यांचे चार-चार जण केबिनपुढं जमले आणि प्रत्येकाला 'एक नंबर' हवा होता. तांड्याचे म्हणाले, "जीव आमचे टांगले व्हते, एक नंबर आमचा." तळ्याचे म्हणाले, आमचं गाव सगळ्यांत जुनं. देवीच्या पिंपळवाडीकडून पुंजाजीच आला होता. "देवी असलेल्या गावाला दुसरा नंबर? लोक तोंडात शेण घालतील."

आवाज चढले. डझनभर माणसं आणि तीन आकडे. रत्नपालनं रजिस्टर आणलं आणि खिडकीच्या चौकटीवर उघडं ठेवलं.

"हे पहा. हे नंबर मी दिलेले न्हाईत. पहाटे आगारातनं जी गाडी आधी सुटते तिला आधीचा नंबर, असं पंधरा-वीस वर्षांमागं कुणी तरी मांडलं. तळ्याची सात. देवीची बारा. तांड्याची पंधरा. तुमच्यातलं कुणी एक न्हाई, कुणी दोन न्हाई."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. तळ्याचा एक म्हातारा म्हणाला, "आमी सात आन् देवीवाले बारा. म्हंजे सातबारा आमच्या दोघांच्या नावावर झाला म्हणायचा." हशा पिकला. तांड्याचा नाईक म्हणाला, "घ्या तुमी सातबारा. पंधरा ह्या दोघाहून मोठा हाय." तेवढ्यावर मिटलं. पुंजाजीनं दोन वेळा 'बारा, बारा' असं पुटपुटून पाहिलं, जिभेवर बसतं का बघत, आणि मान हलवली.

पेंटरनं पांढऱ्या पाटीवर लाल रंगात हातभर उंचीचे आकडे काढले. पहिल्या आठवड्यात लोक बिचकले, दुसऱ्यात सरावले. दिवाळीपर्यंत खिडकीत 'आमची पिंपळवाडी' म्हणणं बंद झालं. "पंधरा लागली का?" "बारा गेली का?" एवढंच. नेमसिंग परत आला तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, म्हणून तो दोन दिवस रुसला होता. शेजारच्या तालुक्यात दोन वडगावं होती. तिथल्या कंट्रोलरनं फोन करून विचारलं, "पाईकराव, नंबर कसे टाकले हो तुमी?"

पाच वर्षांनी, दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात, केबिनमध्ये एक लग्नपत्रिका आली. पुंजाजी आणि सिंधूबाईची लेक सुकन्या हिचं लग्न. खाली पत्ता छापला होता : मु. पो. पिंपळवाडी (बारा नंबर). रत्नपालनं ती पत्रिका घरी नेऊन बायकोला दाखवली. ज्योतीनं ती उलटसुलट करून वाचली आणि म्हणाली, "सरकारी कागदावर तर असं गाव न्हाई."

"आता हाय," तो म्हणाला.

लग्नाला तो बारा नंबरनंच गेला. मांडवात पुंजाजी वाकून पाहुण्यांचे पाय धूत होता. रत्नपालला पाहून तो सरळ उभा राहिला, ओल्या हातानं त्याचा दंड धरला आणि त्याला पुढच्या पंगतीत, नवरदेवाच्या मामाशेजारी नेऊन बसवलं. "पोटभर जेवा, सायेब," तो म्हणाला. "शेवटची बारा साडेपाचाला हाय. तोवर कुटं जाऊ देत न्हाई तुमाला."